घंटानादापासून ध्वनिमुद्रणापर्यंत

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी ख्रिस्तमंदिराच्या भिंती, वेदी व मनोरे यांचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच होय. परंतु ज्यांना त्या भिंतींच्या आत येणे शक्य नाही, अशा वृद्ध, रुग्ण व अंथरुणास खिळलेल्या बंधुभगिनींचाही एक इतिहास आहे. त्याचे अल्पसे दिग्दर्शन येथे करावयाचे योजिले आहे.

ही चिंता ख्रिस्तसभेस नवी नव्हे. संत जस्टिन यांनी इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथे रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. जे उपस्थित राहू शकत नसत त्यांच्याकडे डीकन पवित्र ख्रिस्तशरीर नेऊन पोहोचवीत, असे त्यात नमूद आहे.

आपल्या वसईत घरी राहिलेल्यांपर्यंत मंदिराचा आवाज नेणारे जुने साधन म्हणजे घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकिला, आणि त्यानंतर येथील घंटा मराठ्यांनी दूरदूरच्या देवळांत नेऊन बांधिल्या. भीमाशंकर व वाईनजीक मेणवली येथे त्या पाहावयास मिळतात. घंटा गेल्या तरी भाविकांची श्रद्धा येथेच राहिली. तथापि घंटा बोलावू शकते. प्रवचन सांगू शकत नाही.

ती उणीव विसाव्या शतकात दूर होऊ लागली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारिलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून अकरावे पायस महाराज प्रथम बोलले, तेव्हा त्यांनी दुःखपीडितांसही संबोधिले. असिसीची संत क्लारा रुग्णशय्येवर असता तिला नाताळची उपासना दुरून दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणून १९५८ साली बाराव्या पायस महाराजांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरविले. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेस वाट करून दिली, आणि उपासनेचे प्रक्षेपण विवेकाने व प्रतिष्ठेने, योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे, असेही सांगितले. मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा दुरून ऐकणाऱ्या आजीबाईंसही तिचा अर्थ कळण्याची सोय झाली.

२०२० साली मात्र आपण सारेच रुग्णांच्या पंक्तीस बसलो. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गुड फ्रायडे व ईस्टर घरातच गेले. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर रोजी उघडली, २०२१ च्या वसंतात पुन्हा बंद झाली, व ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनश्च खुली झाली. त्या काळात भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर गुडघे टेकताना, अंथरुणावरील माणूस प्रत्येक रविवारी काय सोशीत असतो, हे धडधाकटांस प्रथमच उमगले. दारे उघडल्यावर आपण परतलो. तो मात्र घरीच राहिला. त्यास विसरणे हे कृतघ्नपणाचे ठरेल.

यास फार द्रव्य लागते असे नाही. मंदिरात ध्वनिक्षेपक आहेच; त्याच्या यंत्रातून एक तार साध्या भ्रमणध्वनीस वा लहानशा ध्वनिमुद्रकास जोडिली की झाले. चित्राचा हव्यास सोडून केवळ आवाज, तोही सेकंदास ३२ किलोबिट इतक्या प्रमाणात साठविला, तर तासाभराची मिस्सा सुमारे १४ मेगाबाइटांत मावते. ती कोणाच्याही भ्रमणध्वनीवर पाठविता येते. ज्या वृद्धास हे यंत्र हाताळता येत नाही, त्याच्याकरिता घरातील नातवंडाने एक कळ दाबावी.

एवढे मात्र विसरता कामा नये की मुद्रित आवाज हा मिस्साबलिदानाची जागा घेऊ शकत नाही; पवित्र ख्रिस्तशरीर तारेतून जात नाही. म्हणूनच २९ जानेवारी १९७३ च्या आज्ञापत्राने प्रापंचिकांसही विशेष सेवक म्हणून ते रुग्णांकडे नेण्याची परवानगी मिळण्याचा मार्ग खुला झाला. आवाज पुढे जावा, आणि त्यामागून माणूसही जावा. जस्टिन यांच्या काळातील डीकन चालत जात असे. आपल्यालाही शेजारच्या वाडीपर्यंत चालत जाणे कठीण नाही. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक वाडीने आपल्या घरबसल्या भाविकांची यादी करावी, हीच नम्र विनंती.