संजाणचा ताम्रपट आणि राजाचे बोट

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘राष्ट्रकूट घराण्यातील जैनधर्मी राजा कोणता?’ असा प्रश्न हटकून आढळतो. खाली चार नावे असतात आणि ‘अमोघवर्ष’ या नावावर खूण केली की एक गुण पदरात पडतो. आमच्या पाम गावातील काही मुले सध्या या परीक्षांच्या मागे आहेत आणि इतिहासाची उजळणी करावयास माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगतो, खूण जरूर करा, पण त्या नावाची खरी गंमत आपल्याच किनाऱ्यावर पुरलेली होती, तीही ऐकून घ्या.

अमोघवर्षाने इ. स. 814 ते 878 असे चौसष्ट वर्षे राज्य केले. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. ‘आदिपुराण’ लिहिणारा जिनसेनाचार्य हा त्याचा गुरू. त्याच्या चरणी मस्तक ठेवून राजा स्वतःला पावन झालेला मानी, असे जिनसेनाचा शिष्य गुणभद्र ‘उत्तरपुराणा’त सांगतो. ‘गणितसारसंग्रह’ रचणारा महावीराचार्यही जैन, आणि त्यानेही ग्रंथारंभी याच राजाची स्तुती केली आहे. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ हे छोटे नीतिकाव्य त्याच्या नावावर सांगतात. त्यात राजाने विवेकाने राज्यत्याग केल्याचा उल्लेख येतो. एवढा पुरावा वाचल्यावर कोणीही म्हणेल, राजा पक्का जैन!

आता संजाणचा ताम्रपट पाहा. संजाण आज गुजरातेत मोडते, परंतु 1960 पर्यंत ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. हा ताम्रपट शके 793 चा, म्हणजे इ. स. 871 चा, आणि अमोघवर्षाचाच. संजाणलगतच्या चोवीस गावांपैकी झरिवल्लिका नावाचे गाव त्याने ब्राह्मणांना दान दिले, त्याची ही सनद. तिच्या प्रशस्तीत एक चमत्कारिक हकिगत आहे. प्रजेवर मोठे संकट आले, तेव्हा राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट तोडून महालक्ष्मीला वाहिले! जीमूतवाहन, दधीची, शिबी यांच्या त्यागाशी कवीने त्याची तुलना केली आहे. महालक्ष्मी म्हटले की आम्हा मंडळींना आधी चैत्रातली डहाणूची जत्रा आठवते. विद्वान मात्र सहसा कोल्हापूरकडे बोट दाखवतात. ते काही असो. जिनसेनाचा शिष्य देवीपुढे बोट वाहतो आणि ब्राह्मणांना गाव देतो, हे परीक्षेच्या चौकोनात बसत नाही. मला वाटते, त्या काळी राजाची श्रद्धा ही त्याची स्वतःची बाब होती आणि राजधर्म हे वेगळे ओझे होते. प्रजा ज्या देवाला मानते त्याच्या दारी राजाला जावेच लागे.

राज्यकारभाराचे शब्दही या सनदांतून भेटतात आणि ते वाचून मुले हसतात. राज्याचे भाग ‘राष्ट्र’ आणि ‘विषय’. राष्ट्राचा अंमलदार ‘राष्ट्रपती’, विषयाचा ‘विषयपती’. म्हणजे तेव्हा राष्ट्रपती एक नव्हे, पुष्कळ होते! ‘आयुक्तक’ होते, गावचा मुख्य ‘ग्रामकूट’ होता, आणि गावातील वडीलधारे ‘महत्तर’. या महत्तरावरूनच म्हात्रे हे आडनाव आले असे मानतात. ते खरे असेल तर आमच्या भागात राष्ट्रकूटांचे अंमलदार अजून दारोदार नांदत आहेत.

पण सर्वांत मोठी मौज तारापूरच्या खाडीपलीकडे, चिंचणीला आहे. तेथे 1955 साली नऊ ताम्रपत्रे सापडली. त्यांतील एक सनद अमोघवर्षाचा पणतू दुसरा इंद्र नव्हे, तिसरा इंद्र याच्या काळची, शके 848 ची, म्हणजे इ. स. 926 ची. तीत लिहिले आहे की, कृष्णराजाने संयान, म्हणजे संजाण, हे मंडल मधुमती नावाच्या ताजिकाकडे सोपवले होते. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. हा कृष्णराज म्हणजे अमोघवर्षाचा मुलगा, दुसरा कृष्ण. गुणभद्र त्याचाही गुरू होता अशी जैन परंपरा. जैन आचार्याकडे शिकलेल्या राजाने किनाऱ्यावर मुसलमान अधिकारी नेमला!

यात निव्वळ औदार्य होते असे मात्र मी म्हणणार नाही. मान्यखेट समुद्रापासून दूर. बंदरांतून येणारा माल अरबांच्या गलबतांतून येई. त्यांना सांभाळणे राज्याच्या फायद्याचेच होते. मधुमतीने आसपासच्या बंदरांचे नायक जिंकून तेथे आपली माणसे बसवली, हेही सनद सांगते. इ. स. 851 च्या सुमाराच्या अरबी वृत्तान्तात ‘बल्हरा’ची, म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूटाची, गणना जगातील चार थोर राजांत केली आहे आणि तो अरबांचा मित्र असल्याचे म्हटले आहे. हिशेब दोन्हीकडून जमत होता.

मात्र त्या अधिकाऱ्याने काय केले ते पाहावे. त्याने दोन नद्यांवर फुकट तर चालवली. अन्नछत्र घातले, तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने देवीचा मठ बांधला, तेव्हा त्याच्या नैवेद्यासाठी आणि तेथील ब्राह्मणांच्या भोजनासाठी इंद्रराजाच्या संमतीने एक गाव आणि शिवाय थोडी जमीन दिली.

तो मठ पुढेही टिकला. चिंचणीच्याच दुसऱ्या एका पत्रात शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज शके 956 मध्ये, म्हणजे इ. स. 1034 मध्ये, त्याला तेलाचा एक घाणा देतो. ज्या नागरिकांना उद्देशून हे दान जाहीर केले, त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत अशी अरब वळणाची नावे आहेत. घाण्याचे तेल दोन कामांसाठी होते: देवीपुढच्या दिव्याला, आणि दुरून येणाऱ्या ब्राह्मणांच्या व विद्वानांच्या पायांना चोळावयाला.