रुग्णमात्रा : वैद्यकीय प्रतिमाचित्रणातील मापन व व्यवस्थापन (ओरगडम–चेन्नई परिसर)

एक्स-रे, सीटी स्कॅन, अँजिओग्राफी, मॅमोग्राफी, पेट-सीटी या तपासण्यांत रुग्णाच्या शरीरात शोषल्या जाणाऱ्या आयनीकारक प्रारणाच्या प्रमाणास रुग्णमात्रा म्हणतात. रुग्णालयाच्या बोलीत हाच ‘डोस’. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत असे प्रारण नसते. तरीही ‘एमआरआयचं रेडिएशन’ ही धास्ती दवाखान्याच्या बाकावर हमखास ऐकू येते.

भारतीय नियमांनुसार क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकाला १ मिलिसिव्हर्ट. रुग्णाला मर्यादाच नाही. हा नियमकर्त्यांचा विसर नव्हे. तपासणीचा धोका आणि लाभ दोन्ही एकाच व्यक्तीच्या पदरात पडतात. कमाल मर्यादा घातली, तर अपघातात पोट फुटलेल्या माणसाचा चौथा सीटी ‘कोटा संपला’ म्हणून नाकारावा लागेल. मात्र याचा दुसरा परिणाम असा, की तंत्रज्ञाच्या छातीवर बॅज असतो आणि टेबलावर झोपलेल्याच्या अंगावर काहीच नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजमधल्या डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या ठरावीक मुदतीने वाचल्या जातात आणि त्या माणसाच्या नावावर आकडा चढतो. रुग्णाचा आकडा यंत्राकडून काढून घ्यावा लागतो, आणि तो इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

स्थान : ओरगडम हे नाव चेन्नईत दोन ठिकाणी भेटते. एक अंबत्तूरकडची वस्ती; दुसरा कांचीपुरम जिल्ह्यातला, श्रीपेरुंबुदूर–सिंगपेरुमाळ कोविल रस्त्यावरचा औद्योगिक पट्टा. येथे दुसरा अभिप्रेत आहे. रेनो-निस्सान, डेम्लरचे ट्रक, रॉयल एनफिल्ड अशा कारखान्यांमुळे हे गाव मोटारींचे म्हणून ओळखले जाते. अलीकडे वैद्यकीय उपकरण उद्यानामुळेही त्याचे नाव घेतले जाते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत हिमाचल प्रदेश, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि तमिळनाडू या चार राज्यांना अशी उद्याने मंजूर झाली. तमिळनाडूने सिपकॉट या आपल्या औद्योगिक महामंडळामार्फत त्यासाठी ओरगडमची सुमारे ३५० एकर जागा निवडली. येथे यंत्र बनो वा वापरले जावो, परवान्याची वाट मुंबईकडे जाते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात आहे आणि दक्षिणेचे विभागीय केंद्र चेन्नईच्या तरमणीत. एक्स-रे यंत्राचा नमुना मंडळाने मान्य केल्याखेरीज ते विकता येत नाही, आणि ई-लोरा या संगणकीय प्रणालीवर परवाना मिळाल्याखेरीज चालवता येत नाही. निदानासाठीच्या यंत्रांची गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी करायची असते. त्या तपासणीतून यंत्र ठीक आहे एवढे कळते. ते कसे वापरले जाते हे कळत नाही.

मापन : साध्या एक्स-रेत त्वचेवर पडणारी मात्रा मोजतात, मिलिग्रेमध्ये. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक पातळ्या छातीच्या समोरच्या चित्रासाठी ०.४ आणि कमरेच्या मणक्याच्या बाजूच्या चित्रासाठी ३० मिलिग्रे अशा होत्या. ‘एक एक्स-रे’ हे मोजमापाचे एकक होऊ शकत नाही, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते. फिल्मच्या काळात मात्रा वाढली की फिल्म काळी पडे आणि चूक टांगून ठेवल्यासारखी दिसे. डिजिटल पद्धतीत जादा मात्रेने चित्र उलट अधिक स्वच्छ येते, म्हणून हात हळूहळू वर सरकतो आणि कोणी टोकत नाही.

सीटीचे मापन अधिक गुंतागुंतीचे आहे. पारदर्शक ॲक्रिलिकचा, डोक्यासाठी १६ सेंमी आणि धडासाठी ३२ सेंमी व्यासाचा दंडगोल टेबलावर ठेवतात. त्याला फँटम म्हणतात. त्याच्या मध्यभागी एक आणि कडेला चार भोके असतात. त्यांत पाळीपाळीने १० सेंमी लांबीचा पेन्सिल चेंबर सरकवून एकेक वाचन घेतात. मधल्या वाचनाचा एक-तृतीयांश आणि कडेच्या सरासरीचा दोन-तृतीयांश भाग मिळवून, टेबल सरकण्याच्या गतीचा हिशेब धरला, की सीटीडीआय-व्हॉल्यूम हा निर्देशांक मिळतो. त्याला स्कॅन केलेल्या लांबीने गुणले की डीएलपी, म्हणजे मात्रा-लांबी गुणाकार, मिलिग्रे-सेंमीमध्ये. या डीएलपीला अवयवानुसार ठरलेल्या गुणकाने, प्रौढाच्या छातीसाठी ०.०१४ ने, गुणले की परिणामी मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये येते. हा शेवटचा आकडा एका काल्पनिक सरासरी माणसाचा असतो. तपासणी-तपासणीतली तुलना त्यावर करता येते. टेबलावरच्या अमुक बाईंना कर्करोग होण्याची शक्यता त्यावरून काढू नये.

किंबहुना आधीचे दोन आकडेही रुग्णाचे नसतात. ते त्या दंडगोलाचे असतात. अमेरिकी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या आपल्या २०४ क्रमांकाच्या अहवालात यावर उतारा दिला : शरीराचा परिणामी व्यास मोजा आणि त्यानुसार गुणक लावा. ३२ सेंमीच्या फँटमवर बेतलेल्या आकड्याला २५ सेंमी व्यासाच्या धडासाठी सुमारे १.४८ ने आणि १५ सेंमीच्या, म्हणजे लहान मुलाच्या, धडासाठी सुमारे २.१४ ने गुणावे लागते. पडद्यावर १० मिलिग्रे दिसत असतील तर त्या मुलाला प्रत्यक्षात २१ मिळाले. आपल्याकडच्या सडपातळ प्रौढांच्या बाबतीतही पडद्यावरचा आकडा बहुधा कमीच बोलतो, ही गोष्ट विभागांतून फारशी चर्चिली जात नाही.

तमिळनाडूचे सर्वेक्षण : या परिसरासाठी सर्वांत मोलाची सामग्री वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी गोळा केली. नियामक मंडळाच्या अर्थसाहाय्याने त्यांनी दोन वर्षांत राज्यातील १२७ सीटी यंत्रांजवळ जाऊन, ३२ सेंमीचा फँटम ठेवून, जागेवर मापे घेतली. निष्कर्ष २०११ मध्ये भारतीय वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात आले. या १२७ यंत्रांत १३ जुन्या पद्धतीची, ५३ एका स्लाइसची हेलिकल, ४४ बहुस्लाइस आणि १७ परदेशात वापरून झाल्यावर दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या प्रकारची, म्हणजे रिफर्बिश्ड, होती. प्रादेशिक संदर्भ पातळी छातीसाठी ५५७, पोटासाठी ५२१ आणि ओटीपोटासाठी २९४ मिलिग्रे-सेंमी निघाली. सरासरी परिणामी मात्रा अनुक्रमे ८.०४, ६.६९ आणि ४.७९ मिलिसिव्हर्ट.

संदर्भ पातळी म्हणजे मर्यादा नव्हे. एकाच तपासणीची मात्रा अनेक ठिकाणी मोजायची, चढत्या क्रमाने लावायची आणि ज्या आकड्याखाली तीन-चतुर्थांश केंद्रे येतात तो निवडायचा. वरच्या चौथाईतल्यांनी आपले कुठे चुकते ते शोधायचे. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील पाहण्यांत एकाच एक्स-रेसाठी रुग्णालयारुग्णालयांत मात्रेत कित्येक पटींचा फरक सापडला, त्यातून ही रीत घडली. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९९६ च्या ७३ व्या प्रकाशनात तिला नाव आणि मान्यता दिली. युरोपीय आयोगाच्या शतकाअखेरीच्या पातळ्या छातीला ६५०, पोटाला ७८० आणि ओटीपोटाला ५७० होत्या. त्यांच्याशेजारी तमिळनाडूचे आकडे देखणे दिसतात. पण खाली असणे म्हणजे चांगले असणे नव्हे. शरीरे लहान असतील, जुन्या एका स्लाइसच्या यंत्राची ताकदच कमी असेल, किंवा चित्र इतके दाणेदार येत असेल की तपासणी पुन्हा करावी लागत असेल. संदर्भ पातळीवर चित्राच्या दर्जाची नोंद नसते. शिवाय त्या पाहणीतील निम्म्याहून अधिक यंत्रे जुन्या किंवा एका स्लाइसच्या धाटणीची होती. आजच्या बहुस्लाइस यंत्रांना तीच पातळी लावणे म्हणजे वाढत्या मुलाला गतवर्षीचा सदरा घालणे.

व्यवस्थापन : पहिला प्रश्न तपासणी करावीच का, हा. औद्योगिक पट्ट्यांत नोकरीवर घेताना छातीचा एक्स-रे मागण्याची रूढी आहे. धुळीशी काम असेल, खोकला असेल, क्षयाची शंका असेल तर तो योग्यच. हापिसात बसणाऱ्या तिशीच्या निरोगी उमेदवाराचा, फाइल भरावी म्हणून काढलेला, नाही. एका चित्राची मात्रा ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे नगण्य. तरी ज्याला वैद्यकीय कारण नाही ती कितीही लहान मात्रा समर्थनीय ठरत नाही, हे आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाचे पहिले तत्त्व.

कोविडकाळात हा प्रश्न घराघरांत पोचला. ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे असे सांगितले. रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने ते कालबाह्य ठरवले आणि अतिअल्प मात्रेच्या आधुनिक सीटीला पाच ते दहा एक्स-रेंची उपमा दिली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तमिळनाडूची ८.०४ ही सरासरी ०.०२ ने भागली की सुमारे ४०० च येतात. आणि यंत्र नवे, तंत्र खास बेतलेले असेल तर ०.१ ते ०.२ मिलिसिव्हर्टमध्येही छाती पाहता येते. त्या दिवशी गावातल्या सेंटरने यांपैकी काय वापरले, हे केवळ त्या सेंटरच्या नोंदीतून ठरू शकत होते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या सूक्ष्म सीटीचे, दर बांधले ते यंत्राच्या स्लाइसप्रमाणे : २०००, २५०० आणि ३००० रुपये. फलकावर दर लागले. मात्रेचा रकाना कोणाला सुचला नाही.

तपासणी ठरली की खरी बचत तीन जागी होते. एक, फेऱ्या : पोटाच्या सीटीत साधी, धमनीतली, शिरेतली आणि उशिराची अशा चार फेऱ्या सवयीने घेतल्या तर मात्रा जवळजवळ चौपट होते, आणि निदानाला बहुधा एक-दोनच पुरतात. दोन, लांबी : छातीचा स्कॅन मूत्रपिंडांपर्यंत खाली नेण्याची खोड. तीन, टेबलाची उंची. यंत्र शरीराच्या जाडीनुसार प्रवाह आपोआप कमी-जास्त करते, पण त्यासाठी रुग्ण नेमका मध्यावर हवा. टेबल वर-खाली राहिले तर यंत्राला माणूस आहे त्याहून जाड किंवा बारीक भासतो. ही तिन्ही कामे तंत्रज्ञाच्या हातात आहेत आणि त्यांना नवे यंत्र लागत नाही.

स्वयंचलित सोयीवर भिस्त ठेवण्याची किंमत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात दिसली. पक्षाघाताच्या संशयितांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाच्या सीटीची मांडणी २००८ मध्ये बदलली गेली आणि सुमारे १८ महिने दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या आठपट मात्रा मिळत राहिली. प्रत्येक वेळी आकडा कन्सोलवर उमटत होता. चूक उघड झाली ती एका रुग्णाचे केस गळू लागल्यावर, २००९ मध्ये. कॅलिफोर्नियाने पुढच्या वर्षी कायदा करून सीटीची मात्रा रुग्णाच्या अहवालात लिहिणे १ जुलै २०१२ पासून सक्तीचे केले.

ही नोंद यंत्र स्वतःच करते. सीटीच्या सीडीत चित्रांच्या शेवटी मात्रेचे एक पान असते. जीईच्या यंत्रांवर बहुधा ९९९ क्रमांकाच्या मालिकेत ‘डोस रिपोर्ट’ म्हणून, सीमेन्सच्या यंत्रांवर ५०१ मध्ये ‘पेशंट प्रोटोकॉल’ म्हणून. नव्या यंत्रांतून तोच तपशील संरचित मात्रा-अहवालाच्या रूपात थेट संगणकात जातो आणि महिन्याकाठी हजारो तपासण्यांचा मध्यक काढता येतो. रेडिऑलॉजिस्टच्या छापील अहवालात डीएलपीची एक ओळ घालायला खर्च शून्य येतो.

गर्भवतीबाबत गैरसमज फार आहेत. आयोगाच्या २००० सालच्या ८४ व्या प्रकाशनानुसार गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर केवळ प्रारणाच्या कारणाने गर्भपात समर्थनीय नाही, आणि निदानाच्या बहुतेक तपासण्या त्याच्या खूप खाली राहतात.

कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली : येथे प्रश्न दूरच्या कर्करोगाचा नसून त्वचेचा आहे. गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत किरण पाठीच्या एकाच जागेवर तास-तास पडतात. सुमारे २ ग्रेला त्वचा तात्पुरती लाल होऊ शकते, ३ ग्रेच्या पुढे केस गळू शकतात, आणि त्याहून बरीच अधिक मात्रा झाल्यास जखम होते. यंत्र दोन आकडे दाखवते : नळीच्या तोंडाशी बसवलेल्या पारदर्शक कक्षाने मोजलेला मात्रा-क्षेत्र गुणाकार आणि ठरावीक संदर्भबिंदूपाशीची हवेतील मात्रा. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रारण संरक्षण परिषदेच्या १६८ व्या अहवालानुसार संदर्भबिंदूला ५ ग्रे, गुणाकार ५०० ग्रे-सेंमी², त्वचेवरील कमाल ३ ग्रे किंवा फ्लुओरोस्कोपीची ६० मिनिटे यांपैकी काहीही ओलांडले तर रुग्णाला तसे सांगून नंतर त्वचा तपासावी. नळीचा कोन मधूनमधून बदलणे, चित्र टिपणारा पडदा रुग्णाच्या शक्य तितका जवळ आणणे आणि किरण सोडणाऱ्या पेडलवरून पाय उचलणे हे तेथले उपाय. त्वचेवरची खूण आठवड्यांनी उमटते, पाठीवर असते आणि रुग्ण ती घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो. डिस्चार्ज कार्डावर मात्रा आणि किरणांची दिशा लिहिलेली नसेल, तर तेथे ती नायटा किंवा शेकण्याचा चटका म्हणून तपासली जाते.