मुबाफ, रिबीन आणि स्क्रंची

मोताळा तालुक्यात कुणाला इतिहास विचारा, तो रोहिणखेडच्या जुन्या मशिदीकडे बोट दाखवील. त्यात चूक काही नाही. दगड टिकतो, चिंधी टिकत नाही, आणि इतिहास बहुतेक टिकणाऱ्या वस्तूंचाच लिहिला जातो. मला मात्र आज चिंधीबद्दलच लिहायचं आहे. आठवडी बाजारात कटलरीच्या गाड्यावर दहा-दहा रुपयांना लटकलेल्या चुणीदार कापडी कड्या तुम्ही पाहिल्या असतील. कॉलेजच्या मुली त्यांना स्क्रंची म्हणतात, आमच्या मोहल्ल्यात अजून ‘कापडाचं रबर’च म्हणतात. मखमली, साटीन, जाळीची, हवी तशी मिळते. आज मोताळ्यात ती नाही असं मुलींचं घर सापडणं कठीण.

ही वस्तू नवी वाटते. पण कापडाने केस बांधणं आपल्याकडे फार जुनं आहे. माझी दादी वेणीत कापडाची लांब पट्टी गुंफायची आणि तिला मुबाफ म्हणायची. शब्द फारसी आहे: मू म्हणजे केस, बाफ म्हणजे विणणं. तीन पेडांच्या वेणीत शेवटाकडे ही पट्टी घालायची, घट्ट गुंडाळायची आणि टोक मोकळं सोडायचं. शेजारच्या मराठी घरांत याच कामाच्या दोरीला आगवळ म्हणत. दोन भाषा, दोन शब्द, काम एकच, आणि वस्तू बहुतेक वेळा जुन्या लुगड्याच्या किंवा ओढणीच्या काठाची. मुबाफ हा शब्द आता आमच्या घरात कुणी बोलत नाही. आगवळही शब्दकोशात जाऊन बसली.

आपल्या परंपरेत बायकांच्या वेण्यांची नोंद अगदी सुरुवातीपासून आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत उम्मे सलमा यांचा प्रश्न आहे. आपण केस घट्ट गुंफतो, तर गुस्लच्या वेळी ते सोडावे लागतील का, असं त्यांनी विचारलं. सोडायची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घेतलं तरी पुरे, असं उत्तर मिळालं. रोजच्या घरकामातल्या बाईचा हा अडचणीचा प्रश्न होता. तो विचारला गेला, ऐकला गेला आणि लिहूनही ठेवला गेला.

ह्या वस्तू गावोगाव पोचवल्या मणियारांनी. बांगड्यांचा धंदा हिंदूंत कासारांचा, मुसलमानांत मणियारांचा. बांगड्यांच्या पेटीतच फणी, काजळ, गोंडे, सुया, दोरे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात मणिहारांची नोंद फेरीवाले म्हणून आहे. एवढ्यावर भागत नाही. परका पुरुष असूनही हा माणूस ओसरीपर्यंत येई, हात हातात घेऊन बांगड्या भरी, आणि पडद्यातल्या बायका त्याच्याशी भाव करीत. बाजार बघायला न मिळणाऱ्या बाईसाठी मणियारच बाजार होता. त्याची बायको सोबत फिरत असेल तर आतल्या खोलीपर्यंत माल जाई. मोताळ्याच्या कटलरीच्या दुकानांत आजही मणियार दिसतात, फक्त पेटीच्या जागी काचेची शोकेस आली.

रिबीन हा पाहुणा नंतरचा. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पुढच्या दशकात भुसावळ-नागपूर रेल्वे मलकापूरवरून धावू लागली. मोताळा मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर, राजूर घाटाच्या पायथ्याकडचं गाव. रेल्वेने येणारा तयार माल इथे पोचायला वेळ लागला नसणार. रिबीन हा शब्दच इंग्रजीतून आलेला आहे. पुढे शाळांनी तिला गणवेशात घेतलं आणि तिचं राज्य पक्कं झालं. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, कानामागे लाल फुलं. आमच्या वेळी एक रिबीन हरवली की अम्मी दुसरी मधोमध कापून दोन करायची. फूल मग इतकं छोटं व्हायचं की बाई विचारायच्या, ‘रिबीन कुठे गं?’

रबराची कथा वेगळी. स्टीफन पेरी याने लंडनमध्ये १८४५ साली रबर बँडचं पेटंट घेतलं ते कागदपत्रं बांधण्यासाठी. ते केसांत गेलं बायकांच्या हिकमतीने. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापून वेण्या बांधलेल्या मी पाहिल्या आहेत, बांधल्याही आहेत. सोडताना चार केस तुटायचेच.

ह्याच तुटण्यातून स्क्रंची जन्मली. अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन ह्या गायिकेला प्लास्टिक आणि धातूच्या बंधांचा त्रास होत होता. घटस्फोट झालेला, कमाईची गरज. पायजम्याच्या कमरेत इलॅस्टिक कसं कापडाच्या नळीत असतं ते तिने पाहिलं, जुनं शिलाई मशीन विकत घेतलं आणि १९८७ साली पेटंट मिळवलं. नाव ठेवलं आपल्या पाळलेल्या कुत्रीवरून. खरं तर कापड चढवलेल्या इलॅस्टिकच्या अशाच कडीचं पेटंट १९६० च्या दशकात तिथेच एका पुरुषाने घेतलं होतं, पण चालली ती रेव्हसनची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्याकडे तर स्क्रंचींचा मोठा साठा होता.

कमरेच्या नाडीवरून सुचलेली युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही शिवणाऱ्या बाईला सुचली असती. सुचलीही असेल. पेटंट घ्यायला मात्र आधी पेटंट नावाची गोष्ट असते हे ठाऊक असावं लागतं.

स्कार्फ घालणाऱ्या मुलींना ही कडी विशेष सोयीची. कमरेपर्यंतचे केस स्कार्फखाली ठेवायचे तर अंबाडा घालावाच लागतो, आणि पिना टोचतात. त्यावरही आक्षेप निघाले. खलीजी मुल्कांत स्कार्फ फुगवणारी मोठी फुलांची क्लिप आली तेव्हापासून उंटाच्या वशिंडासारख्या डोक्यांची हदीस मुलींना सुनावली जाते, आणि आता साध्या अंबाड्यालाही तीच लावतात. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी तिचा अर्थ डोक्याभोवती काही गुंडाळून ते मुद्दाम मोठं दाखवणं असा दिला आहे. दाट केस असणं हा काही गुन्हा नव्हे. बायकांच्या केसांचा निर्णय दुसऱ्यांनी घेण्याची खोड एका समाजापुरती नाही म्हणा. विधवांचं केशवपन आठवा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि हे काम आपण करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

आमच्या चाचीकडे २०२० मध्ये मास्क शिवायला आणलेलं इलॅस्टिकचं बंडल उरलं होतं. मास्क थांबले, बंडल तसंच पडलं. मग ती टेलरकडून कतरण आणू लागली. हातभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टी, उलटी शिवून सुलटी करायची, सेफ्टी पिनेला इलॅस्टिक अडकवून आतून ओढायचं, गाठ मारून तोंड बंद करायचं. सलवारीच्या कतरणीतून तीन निघतात. दुकानदार डझनावर घेतो, पैसे महिन्याने देतो, आणि भाव तोच ठरवतो. गेल्या वर्षापासून चाचीने थोडा माल स्वतःच्या दारात टांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याने डझनामागे दोन रुपये वाढवले. दारातल्या मालात काळी कडी आधी संपते, कारण शाळेत तेवढीच चालते. हिरवी मखमली लग्नसराईपर्यंत लटकत राहते.