व्हिडिओ फाइल न चालणे (खान्देशातील व्हीसीडी व लग्नाची चित्रीकरणे)

संगणकावर व्हिडिओ फाइल उघडत नाही, नुसता आवाज येतो, पडदा काळा राहतो किंवा चित्र अडखळते, तेव्हा दोन शक्यता असतात. फाइल शाबूत असते पण संगणकाला ती वाचता येत नाही. नाहीतर फाइलच अपुरी किंवा बिघडलेली असते. पहिल्या प्रकारात काहीच गमावलेले नसते. म्हणून न चालणारी फाइल पुसून टाकण्याची किंवा मेमरी कार्ड फॉरमॅट करण्याची घाई कधीही करू नये.

जळगाव, धुळे आणि लगतच्या मालेगाव परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट व्हिडिओवर केला. त्यानंतरच्या दशकात तिथल्या खान्देशी विनोदी चित्रफिती आणि अहिराणी गाणी व्हीसीडीवर (व्हिडिओ सीडीवर) गावोगाव पोहोचली. घरोघरच्या लग्नाच्या ‘शूटिंग’चीही हीच वाट होती. यातील बरीच सामग्री छापील पुस्तकासारखी कुठे जतन झालेली नाही. कपाटातली तबकडी हीच अनेकदा तिची एकमेव प्रत असते.

व्हीसीडीचे मानक १९९३ सालचे. चित्र एमपीईजी-१ पद्धतीचे, भारतातील पाल प्रणालीत ३५२ × २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटी. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावतात. संगणकात ती उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘डॅट’ या विस्तारनामाची फाइल दिसते. इतर असंख्य प्रोग्रॅमही आपल्या फाइलींना हेच विस्तारनाम देतात, त्यामुळे ही फाइल कशाने उघडायची हे विंडोजला कळत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सहसा थेट चालते. इतर काही प्लेअरमध्ये विस्तारनाम बदलून ‘एमपीजी’ केले तरी पुरते. संकलनाचा प्रोग्रॅम तरीही अडत असेल, तर व्हीसीडीगिअरसारख्या साधनाने फाइलभोवतीचे आवरण काढून शुद्ध एमपीईजी फाइल करून घ्यावी लागते.

ओरखडे पडलेली व्हीसीडी टीव्हीखालच्या प्लेअरवर चालते, पण संगणकात उतरवताना मध्येच थांबते. याचे कारण मानकातच आहे. माहितीच्या सीडीवर प्रत्येक खंडात २०४८ बाइट असतात आणि चूक दुरुस्त करण्यासाठी वेगळी जागा राखलेली असते. व्हीसीडीत ती जागाही चित्राला देऊन खंड २३२४ बाइटचा केलेला असतो. प्लेअर खराब खंड ओलांडून पुढे जातो आणि पडद्यावर क्षणभर चौकोन उमटतात. संगणकाची साधी कॉपी मात्र पहिल्याच चुकीला थांबते. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच तबकडी वाचली जाणे अगदी शक्य असते. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकड्यांतील रंगद्रव्य उष्णता व उन्हाने खराब होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या भुसावळ-जळगावात पत्र्याखालच्या खोलीत त्या ठेवणे धोक्याचे आहे. चालते आहे तोवरच प्रत काढावी.

लग्नाची डीव्हीडी ज्यावर लिहिली त्या यंत्रावर लागते पण संगणकात कोरी दिसते, तेव्हा बहुधा ती लिहिल्यावर ‘फायनलाइज’ केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नसते. त्याच यंत्रावर हे काम सहसा पूर्ण करता येते.

मेमरी कार्डावरच्या एमपी४ फाइलीचा धोका वेगळा. चित्र कोठे सुरू होते, कोणत्या पद्धतीचे आहे, याची सूची बहुतेक कॅमेरे चित्रीकरण थांबवल्यावर शेवटी लिहितात. हळदीच्या गर्दीत बॅटरी संपली किंवा कार्ड आधीच काढले, तर काही जीबींची फाइल तयार होते, पण सूचीअभावी उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली एखादी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन ‘अनट्रंक’सारखा प्रोग्रॅम ही सूची नव्याने बांधू शकतो. मात्र कार्डावर दुसरे काही लिहू नये, आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी.

पेनड्राइव्हवर आणलेली फाइल चालत नसेल, तर प्रथम तिचा आकार मूळ फाइलीशी ताडून पाहावा. कॉपी सुरू असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर फाइल अर्धवट राहते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. त्यासाठी तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा, अर्थात आतल्या फाइली आधी दुसरीकडे ठेवून.

अलीकडच्या फोनवरचे चित्रण अनेकदा एचईव्हीसी पद्धतीने होते. हे मानक २०१३ सालचे असल्याने जुन्या संगणकात आवाज येतो, चित्र येत नाही. एमपी४ हे फक्त डब्याचे नाव आहे. आतले चित्र कोणत्या पद्धतीचे, ते मीडियाइन्फो हा प्रोग्रॅम दाखवतो. व्हीएलसीत स्वतःचे कोडेक (चित्र-आवाज उलगडणारे घटक) असल्याने हा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो. अनोळखी संकेतस्थळावरचे ‘कोडेक पॅक’ घेऊ नयेत, त्यांच्या आडून व्हायरस येतात. व्हीएलसीतही ४के चित्र अडखळत असेल, तर फाइल निर्दोष असून संगणकाची ताकद कमी पडते आहे; अशा वेळी हँडब्रेक या प्रोग्रॅमने एच.२६४ पद्धतीची, लहान आकाराची प्रत करून ती पाहता येते.