पंधरा सेकंदांची कीर्ति

मुंबईच्या उत्तरेस, नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडील बागाइती पट्ट्यांत, गास हें गांव आहे. त्याच्या शेजारचें सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथें इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. पुढें १९५६ मध्यें जवळच्याच भुईगांवांत नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हेच लेख गिरनारास आहेत, धौलीस आहेत, दूर वायव्येकडे शाहबाझगढीसही आहेत. आपलें म्हणणें ठिकठिकाणीं पोंचावें व असंख्यांच्या दृष्टीस पडावें, ही इच्छा या भूमीस दोन हजार वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

आज त्याच परिसरांतील, घरीं सामवेदी बोली बोलणारा एखादा मुलगा लोकलच्या डब्यांत उभ्याउभ्या मोबाइलवर जें कांहीं करीत असतो, त्यास तो ‘एडिट’ म्हणतो. आवडत्या नटाचीं किंवा खेळाडूचीं पांचदहा दृश्यें निवडावयाचीं, गाण्याच्या ठेक्यावर तीं नेमकीं कापावयाचीं, गति कोठें मंद तर कोठें शीघ्र करावयाची, आणि पंधरा-तीस सेकंदांचा तो तुकडा जगापुढें ठेवावयाचा. तो ‘व्हायरल’ व्हावा, म्हणजे एखाद्या सांथीप्रमाणें पसरावा, एवढीच त्याची आकांक्षा असते. वडील मंडळी यास पोरखेळ समजतात. परंतु या खेळास इतिहास आहे. आणि तो पाहिल्यावांचून यांत जुनें कोणतें व नवें कोणतें, याचा उलगडा होत नाहीं.

कापणें आणि जोडणें हा चित्रपटकलेचा प्राणच होय. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. पुढें १९१७ मध्यें चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारा एक लहानसा मूकपट त्यांनीं काढला. त्यांत ते स्वतः नटांस शिकवितांना व फितीचें संकलन करतांना दिसतात. महाराष्ट्राच्या हातीं ही कात्री अशी आरंभापासूनच आहे. मात्र फाळके यांची फीत त्यांची स्वतःची होती.

दुसऱ्याच्या चित्रपटास निव्वळ आवडीपोटीं कात्री लावणाऱ्या रसिकांत न्यूयॉर्कच्या जोसेफ कॉर्नेल या अबोल कलावंताचें नांव अग्रभागीं येतें. ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या १९३१ च्या चित्रपटाची एक प्रत त्यानें मिळविली, तींतील कथा जवळजवळ काढूनच टाकली, आणि मुख्यत्वें रोझ हॉबर्ट या नटीचीं दृश्यें ठेवून सुमारें १९ मिनिटांचें नवें चित्र १९३६ मध्यें एका कलादालनांत दाखविलें. संवादांऐवजीं त्यानें ध्वनिमुद्रिका लावली व चित्रावर निळी छटा पाडली. प्रेक्षकांत साल्वादोर दाली हा विख्यात चित्रकार होता. ही कल्पना आपल्याच मनांतली असा त्रागा करून त्यानें चित्रयंत्र उलथून टाकलें, असें सांगतात. संकोची कॉर्नेलनें त्यानंतर कित्येक वर्षें तें चित्र फारसें कोणास दाखविलें नाहीं. तथापि २००१ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत त्याचा समावेश झाला.

पुढें १९७५ मध्यें कँडी फाँग या बाईंनीं ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या टाकून दिलेल्या फितींतील चित्रें एकामागून एक गाण्याबरोबर चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखविलीं. १९८२ मध्यें जिम कपोस्तास या तरुणानें दोन व्हिडिओ-यंत्रें जोडून एका जपानी व्यंगचित्रमालिकेंतील युद्धाचीं दृश्यें प्रेमाच्या गाण्यावर बसविलीं. या सर्वांचा प्रेक्षकवर्ग एका खोलींत मावेल एवढा होता, आणि त्यांस कोणी आंकडा विचारीत नव्हतें.

आंकडा आला तो इंटरनेटबरोबर. २००५ मध्यें यूट्यूब सुरू झालें आणि प्रत्येक चित्राखालीं तें किती वेळां पाहिलें गेलें याची मोजदाद दिसूं लागली. कोणी म्हणेल, लोकप्रियतेची हांव जुनीच आहे. बालगंधर्वांच्या पदांसही ‘वन्स मोअर’ मिळतच होते. तें खरें. परंतु ‘वन्स मोअर’ देणारा रसिक समोर बसलेला असे, आणि कशास दाद मिळाली हें नटास कळत असे. येथें दाद देणारा अदृश्य आहे. आणि कोणापुढें काय ठेवावें हें ठरविणारें यंत्रही तितकेंच अदृश्य आहे.

२०१६ नंतर भारतांत मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें व टिकटॉक खेडोपाडीं पोंचलें. जून २०२० मध्यें त्या कंपनीनेंच प्रसिद्ध केलें कीं, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला गेला काय, या गोष्टीस तिचें यंत्र अधिक वजन देतें. करणाऱ्याचे अनुयायी किती, यास प्रत्यक्ष महत्त्व नाहीं. गासच्या अनामिक मुलासही लाखों प्रेक्षक मिळूं शकतील, ही आशा यांतूनच उपजते, आणि ती सर्वस्वी खोटी नाहीं. परंतु त्याच नियमामुळें पहिल्याच क्षणीं धक्का द्यावा, शेवट आरंभास जुळवावा, सर्वांनीं तेंच गाणें घ्यावें, असा एकसुरीपणाही वाढीस लागतो.

त्याच महिन्याच्या २९ तारखेस भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. बंदीचीं कारणें राष्ट्रीय सुरक्षेचीं होतीं. परंतु कोट्यवधि लोकांचे अनुयायी व आंकडे तिच्यामुळें एकाएकीं निरुपयोगी झाले. ८ जुलै रोजीं इन्स्टाग्रामनें भारतांत ‘रील्स’ आणले. सप्टेंबरांत यूट्यूबनें ‘शॉर्ट्स’ची पहिली चांचणी भारतांतच केली. दुकान बदललें, पण मोजमाप पुन्हां शून्यापासून सुरू झालें. परक्याच्या जागेंत बांधलेलें घर मालकाच्या किंवा शासनाच्या एका आज्ञेनें जातें, हा धडा त्या वर्षानें शिकविला.

राहिलें काय? राहिलें तें हातांतील कसब. कोणतें दृश्य ठेवावें व कोठें कापावें, ही जाण बंदीनें गेली नाहीं. तिलाच संकलन म्हणतात, आणि पुण्यास प्रभात स्टुडिओच्या आवारांत १९६० मध्यें स्थापन झालेल्या चित्रपटसंस्थेंत तें शास्त्र म्हणून शिकवितात. दुसऱ्याच्या चित्रावर कात्री चालवितांना हक्काचा प्रश्न येतो, हेंही खरें; पण १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें टिकतो. म्हणजे फाळके यांचे मूकपट व प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आतां कोणासही मोकळे आहेत. त्यांवर हात बसविणाऱ्या तरुणास प्रेक्षक किती मिळतील, हें यंत्र ठरवील. तो पाहावयास शिकला कीं नाहीं, हें मात्र यंत्राच्या हातीं नाहीं.