हेन्री फोर्डचे वक्तृत्व

कारखानदाराचे वक्तृत्व तोलताना आम्ही दोनच गोष्टी पाहतो : तो बोलला तेव्हा कामगाराच्या पदरात काय पडले, आणि कामगार बोलला तेव्हा त्याने काय ऐकले.

मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड भाषणाच्या बाबतीत कच्चाच होता. १९१९ साली ‘शिकागो ट्रिब्यून’वरील बदनामीच्या खटल्यात साक्ष देताना अमेरिकन राज्यक्रांतीचे साल त्याने १८१२ सांगितले. उतारा वाचून दाखवा म्हणताच चष्मा नसल्याची सबब पुढे केली. खटला जिंकला, भरपाई मिळाली सहा सेंट!

परंतु ५ जानेवारी १९१४ ची त्याची घोषणा जगभर ऐकू गेली : काम आठ तास, दिवसाला पाच डॉलर. निवेदन वाचले भागीदार जेम्स कझन्सने. फोर्ड नुसता जवळ उभा होता. आठवडाभरात हायलंड पार्कच्या फाटकाशी हजारो बेकार लोटले. कडाक्याच्या थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडण्यात आले.

हे औदार्य म्हणावे काय? कामगार टिकत नव्हते, म्हणून तर पगार वाढला. शिवाय पाचांपैकी निम्मा भाग नफ्याचा वाटा म्हणून, कामगाराची घरची राहणी तपासूनच मिळे.

२६ मे १९३७ रोजी रूज कारखान्याशी पत्रके वाटण्यास आलेल्या वॉल्टर रूथर व त्याच्या सहकाऱ्यांना फोर्डच्या माणसांनी बेदम मारले. संघटनेशी करार झाला तो १९४१ च्या संपानंतर.

मालकाची जीभ अडखळली याचे आम्हांस वैषम्य नाही. पाच डॉलरांच्या घोषणेनंतर त्याचे कान उघडण्यास सत्तावीस वर्षे लागली, याचे आहे.