टोप आणि चाळण

जुनी वस्तू खोटे बोलत नाही, असे आपण मानतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन शिरस्त्राणांच्या बाजारात हा समज फार काळ टिकत नाही.

या पोलादी टोपाचा मूळ आराखडा १९१६चा, हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेतील फ्रीडरिश श्वेर्ड यांचा. कान व मान झाकणारा हा टोप त्याच वर्षी व्हर्दंच्या रणांगणावर दिसू लागला. १९३५ साली तो आटोपशीर झाला. पुढचे बदल मात्र काटकसरीचा व घाईचा इतिहास सांगतात. १९४०च्या टोपात हवेच्या छिद्राला वेगळी कडी बसवण्याऐवजी ती पत्र्यातच ठोकून काढली गेली. १९४२च्या टोपाची कड आत वळवण्याचे कामही वगळले गेले. १९४० साली तिरंगी चिन्ह गेले, १९४३ साली गरुडही. टोपाच्या कडेवरून नुसते बोट फिरवले तरी युद्ध सुरुवातीचे की उतरणीचे, याचा अंदाज येतो. आतल्या बाजूस कारखान्याची अक्षरे व मापाचा आकडा असतो : 'ईटी ६४' म्हणजे हार्त्स पर्वतातील थाले येथील कारखाना आणि ६४ मापाचे कवच.

खोटेपणा शिरतो तो चिन्हांतून. एस.एस.च्या चिन्हाला भारी किंमत येते, म्हणून साध्या शिपायाच्या टोपावर ते नव्याने चिकटवले जाते. जाणकार मग भिंग घेऊन पाहतो : रंगावरचा जुना ओरखडा चिन्हालाही कापून गेला आहे, की चिन्हाखालून निघून गेला आहे? चिन्हाखालून गेला असेल, तर चिन्ह नंतरचे.

ही फसवणूक केवळ पैशाची आहे, असे आम्हांस वाटत नाही. साधे जर्मन सैन्यही निर्दोष नव्हते; परंतु ज्याचे कृत्य त्याच्याच नावावर राहावे, हा इतिहासाचा किमान नियम आहे. येथे तो किमतीसाठी मोडला जातो, आणि मारेकऱ्यांच्या चिन्हाला विनाकारण झळाळी चढते.

१९४५ नंतर उपाशी जर्मनीत असंख्य टोपांना भोके पाडून चाळण्या केल्या गेल्या, दांडे लावून भांडी केली गेली. थालेचा तो कारखाना मुळात एनॅमलच्या भांड्यांसाठीच नावाजलेला होता! अखंड टोपाच्या शोधात असलेल्या संग्राहकाला या चाळण्या बिघडलेल्या वाटतात. आम्हांस मात्र पुरावा म्हणून त्याच अव्वल वाटतात. युद्ध संपल्यावर माणसांना नेमके काय हवे होते, ते त्यांची भोके स्पष्ट सांगतात.